अमावास्येला बेल वाजवायची नाही

मैलापूर, चेन्नई
१२ जून २००६

चि. तनया,

तू फोन ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. तू पत्रही अर्ध्यात टाकून देशील, पण निदान त्याचा आवाज मला ऐकू येणार नाही. शिवाय फोनवर तू पहिल्या मिनिटालाच डॉक्टर होतेस. पायावर सूज आहे का, काठी कुठल्या हातात धरतेस, कॅल्शियम घेतेस का. पत्रात तुला मुलगी म्हणून बसून ऐकावं लागेल.

सेंट्रलवरून मी परत फिरले याचा राग अजून गेलेला नाही, ठाऊक आहे. बॅग डब्यात चढवून झाल्यावर आईनं फलाटावरच्या बाकावर ठाण मांडून बसावं, हे शोभलं नाही, कबूल. पण पुण्यात तुझ्या सहाव्या मजल्यावर मी दिवसभर करू काय? तू सकाळी हॉस्पिटलात जाणार, संध्याकाळी दमून येणार. मी खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी बघणार. नको बाई.

आता बातमी ऐक, मला धीर धरवत नाहीये. मार्चमध्ये मी स्वयंपाकघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा अलमेलू मामी इतक्या लवकर आत कशी आली, हे तू कधी विचारलंस? तुला वाटलं कामवाली आली असेल. ती त्या दिवशी उगवलीच नव्हती. मामीनं समोरून पाहिलं, की माझ्या दारात रांगोळी नाही. साताऱ्याहून लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून मी रोज रांगोळी काढते आणि मामी रोज तिला नावं ठेवते. "टीचर, हे कोलम आहे की भूमितीचा पेपर?" त्या दिवशी नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून ती दार ठोठावायला आली आणि मी वाचले!

काल खुर्चीत बसून पायाचे व्यायाम करताना हे डोक्यात आलं आणि मी जवळजवळ उठून धावलेच. आमच्या गल्लीत एकेकटी राहणारी किती तरी म्हातारी माणसं. मुलं अमेरिकेत, बंगलोरला, पुण्यात. (शेवटचं तुला.) प्रत्येकाच्या दारात रोज सकाळी कोलम असतंच. मग तीच हजेरी! सातपर्यंत कोलम दिसलं नाही, तर शेजाऱ्यानं बेल वाजवायची. उत्तर नाही आलं, तर दार उघडून आत जायचं. वाकता येत नसेल त्यानं उभ्यानंच चिमूटभर पीठ सोडावं, एक ठिपका पडला तरी हजर. वर्गात हजेरी घेण्यात माझा जन्म गेला, पण इतकी छान हजेरी मला कधी सुचली नव्हती.

जास्तीच्या किल्ल्या राणोजीराव सांभाळणार. तेच, तुझ्या बाबांचे तंजावरचे सोबती, कोपऱ्यावरच्या घरात सुनेबरोबर राहणारे. ते म्हणाले, "वहिनी, समद्यांच्या किल्ल्या माझ्यापाशीं ठेवा की वो. मी आतां कुठं जाणार? माझे गुडघेच मला कुलूप घालून बसलेत."

उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहणार.

तुझी,
आई

२८ जुलै २००६

चि. तनया,

तुझं कुरियर आलं. कॅल्शियमच्या गोळ्या, आणि डब्याला रबरबँडनं बांधलेली चिठ्ठी. "डिसेंबरपर्यंत बघते. तुमच्या गल्लीत एक जरी माणूस पडून राहिलं आणि कोणाला कळलं नाही, तर तू पुण्याला. मग फलाटावर बसायचं नाही. कबूल?"

कबूल! शंभर वेळा कबूल! तू माझ्याशी पैज लावलीस म्हणजे निदान माझ्याशी बोललीस.

आता ही गोष्ट केवढी वाढली आहे बघ. मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात शरण्या नावाची नर्स आहे, चुणचुणीत पोरगी. मी काठी टेकत तिच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, आम्ही म्हातारे तुमच्याकडे येतो तेव्हा पडून, मोडून येतो, त्याआधी तुम्हीच आमच्याकडे का येत नाही? ते हसले, पण दर सोमवारी शरण्याला पाठवायला तयार झाले. आता सोमवारी सकाळी अलमेलू मामीच्या ओट्यावर दरबार भरतो. शरण्या रक्तदाब बघते, बोटाला टोचून साखर बघते, औषधं नीट घेतली का विचारते. कोणाचं मीठ कमी करायचं ते ती गल्लीला डबे पुरवणाऱ्या मेसवाल्या कनकाला सांगते. आणि कोणाचा डबा न खाता परत आला, की कनका ते शरण्याला सांगते. इतकी वर्षं दवाखाना, मेस, औषधाचं दुकान आणि आमची गल्ली शेजारी शेजारी होती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आता सगळे बोलायला लागलेत. मला तर रात्री झोपायचाही कंटाळा येतो, कधी एकदा सकाळ होते असं होतं.

सगळ्यात मोठी करमणूक कृष्णस्वामी मामांची. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात ते. बायको गेल्यापासून एकटेच, मुलगा वेंकट सिॲटलला. जन्मभर सरकारी कचेरीत हिशेब तपासले, पिठाला कधी हात लावला नाही. अलमेलू मामीनं त्यांना ओट्यावर बसवून ठिपके शिकवले. पहिल्या दिवशी त्यांच्या दारात जे उमटलं ते बघून पेपरवाला सायकलवरून उतरला. "मामा, दोसा सांडला का?" मामा छाती काढून म्हणाले, "माझं कोलम आहे. मी जिवंत आहे." आता रोज ते दारात उभे राहून ये-जा करणाऱ्यांकडून कौतुक वसूल करतात.

एकच घोटाळा झाला. या आठवड्यात आडी महिन्याची अमावास्या होती. सातला मामांच्या दारात काही नाही, म्हणून मी धावत (म्हणजे माझ्या परीनं धावत) जाऊन बेल वाजवली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मामा ओल्या धोतरात, सोवळ्यानं बाहेर आले आणि असे भडकले म्हणून सांगू! "टीचर, आज तर्पण! वडिलांना तीळपाणी दिल्याशिवाय दारात कोलम काढतात का? मधेच उठवलंत, आता पुन्हा आंघोळ!" अख्खी गल्ली गोळा झाली. अलमेलू मामीनं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं इथं राहून मला एवढं कळू नये! मग मी तिथल्या तिथं नियम करून टाकला. अमावास्येला कोलम नसलं तरी बेल वाजवायची नाही. सगळ्यांना पटलं.

पैज मीच जिंकणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आई

२ सप्टेंबर २००६

तनया, आज एवढंच. अलमेलू मामीचा डबा दोन्ही वेळा भरलेलाच परत आला. कनकानं शरण्याला सांगितलं, शरण्या आली, तर मामीची साखर एवढी उतरलेली की ती शरण्याला स्वतःची नणंद समजून भांडत होती. ग्लुकोज दिलं, तासाभरात मामी पुन्हा माझ्या रांगोळीला नावं ठेवायला लागली. हॉस्पिटल नाही, रुग्णवाहिका नाही, काही नाही! मी आनंदानं ओट्यावरच काठी आपटली. हे तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात जमतं का सांग. चिडू नकोस, जमत असेल तर तसं लिही.

आई

२३ सप्टेंबर २००६

चि. तनया,

आज घटस्थापना. बाहुल्यांच्या गोलूच्या पायऱ्या मांडल्या. तुझ्या लहानपणीची डोलणारी तंजावरची बाहुली सर्वांत वर ठेवली आहे, तिची मान अजून शाबूत आहे. अलमेलू मामीनं हरभऱ्याच्या सुंडलला नारळ खोवून दिला. यंदा कोणाकडे किती बाहुल्या यावरून गल्लीत चढाओढ आहे आणि मामी अर्थातच जिंकते आहे.

कृष्णस्वामी मामा काल जरा घसरले. हॉस्पिटलात आहेत, बरे आहेत. वेळेवर नेलं. काळजी करण्यासारखं नाही. पैजेशी त्याचा काही संबंध नाही.

आई

२६ सप्टेंबर २००६

तनया,

शनिवारचं पत्र फाडून टाक. त्यात "वेळेवर नेलं" असं लिहिलं आहे, ते खोटं आहे.

गेल्या शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या होती. मामांच्या दारात कोलम नव्हतं. असायचंच नव्हतं. मी पाहिलं, अलमेलू मामीनं पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं. सगळे दारासमोरून हळूच, पायांचा आवाज न करता गेले. शरण्या दवाखान्यात जाताना थांबली. मला म्हणाली, "टीचर मामी, आत नळ वाहतोय. बराच वेळ वाहतोय. बेल वाजवू?"

मी म्हटलं, "नको गं. तर्पण चाललंय, सोवळ्यात असतील. मागच्या वेळी मला केवढं बोलले. चल."

मीच म्हटलं, तनया. तुझ्या आईनं. जिनं नियम केला तिनं.

चेन्नईत नळ उघडा कोण सोडतं? टँकरमागे घागरी घेऊन पळालेली माणसं आपण, थेंब सांडला तर कळवळतो. वाहत्या नळाचा आवाज माझ्याही कानावर पडला होता. पण त्याच्याहून मला मामांचा ओरडा मोठा वाटला.

दुपारी कावळे आले. दर अमावास्येला तर्पण झालं की मामा गच्चीत जाऊन भाताचा गोळा ठेवतात आणि फाटक्या आवाजात "का, का" करून कावळ्यांना बोलावतात. अख्ख्या गल्लीला ते ऐकू येतं, आम्ही हसतो. त्या दिवशी कावळे त्यांच्या कठड्यावर रांगेनं बसून राहिले, मग माझ्या खिडकीवर येऊन कोकलायला लागले. मी त्यांना हाकलत होते आणि एकदम लक्षात आलं, मामांची हाक मी ऐकलेलीच नाही. हातातला पोळीचा तुकडा खाली पडला. मी ओरडले. राणोजीराव किल्ली घेऊन गुडघ्यांसकट पळत आले.

मामा न्हाणीघरात पडले होते. आंघोळीला गेले तेव्हाच पाय घसरला. सकाळपासून त्या ओल्या फरशीवर. खुबा मोडलेला, माझ्यासारखाच. ओठ निळे पडलेले. आणि पहिलं वाक्य काय म्हणाले ठाऊक आहे? "आत येऊ नका, तर्पण झालेलं नाही." मी तशीच आत गेले. नळ बंद केला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

शस्त्रक्रिया झाली. वाचले. काल भेटायला गेले तर मला बघून त्यांना रडू फुटलं. म्हणाले, "मी हाका मारत होतो, टीचर. तुमचा आवाज ऐकू येत होता. तुम्ही कोणाला तरी सांगत होता, तर्पण चाललंय." मला वाटलं, इथल्या इथं मी जमिनीत जावं. त्यांनी मला बोल लावला नाही. उलट म्हणाले, त्या दिवशी तरी माझा मान ठेवायला नको होता सगळ्यांनी. वेंकटचा फोन आला होता. तो त्यांना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतो.

अलमेलू मामीनं सोमवारचा ओटा बंद केला आहे. कोणी कोणाच्या दाराकडे बघत नाही. गल्लीत सणासुदीचे दिवस आणि सगळी दारं लावलेली.

तर पैज तू जिंकलीस. मी सांगितलं नसतं तर तुला कळलं नसतं, पण मला ते जमेना. तू येऊन ने. या वेळी फलाटावर बसणार नाही. मला हे घर सोडायचं नाही, अजिबात नाही, इथं मरेपर्यंत राहायचं आहे, तेही सांगून टाकते. पण शब्द दिला आहे.

आई

१४ ऑक्टोबर २००६

माझी सोन्यासारखी तनू,

चार पानं! तुझं चार पानांचं पत्र! पोस्टमन काल दुपारी आला आणि मी दारातच चष्मा शोधायला लागले, तो माझ्या नाकावरच होता. दोनदा वाचलं, मग राणोजीरावांना वाचून दाखवलं, मग अलमेलू मामीला तमिळमध्ये करून सांगितलं. तिला मराठी कळत नाही, पण ती आधीपासूनच रडत होती.

मला वाटलं होतं तू गाडीची तारीख कळवशील. आणि तू काय लिहिलंस! तुमच्या वॉर्डात एक बाई आल्या, अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या. लिफ्ट, वॉचमन, इंटरकॉम, सगळं होतं, आणि त्या पडल्याचं कोणाला समजलंच नाही, नासलेल्या अन्नाचा वास आला तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं. "आई, त्यांच्या दारात कोलमही नव्हतं आणि अमावास्याही नव्हती. तुमच्याकडे निदान कावळे तरी होते." हे वाचून मी हसले.

आणि ते दुसरं. "आई, खुबा मोडायच्या आधी तू दोनदा पडली होतीस, हे मला एक्स-रे बघून कळलं. तू सांगितलं नव्हतंस. मला तुला पुण्याला न्यायचं होतं ते तू पडतेस म्हणून नाही, तू लपवतेस म्हणून. या वेळी तू स्वतःहून सांगितलंस. पैज रद्द." बाई गं. तू एवढं मोठं वाक्य इतके महिने पोटात ठेवून मला गोळ्या पाठवत होतीस?

तू विचारलं आहेस, ज्या दिवशी कोलम नसतं त्या दिवशी दुसरी खूण काय. डॉक्टर आहेस खरी. आम्ही सगळेच त्या एका दिवसावर डोळे मिटून बसलो होतो. मी लगेच ओट्यावर सभा बोलावली. अलमेलू मामी म्हणाली, पाण्यानं भरलेला तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा, त्यात तुळशीचं पान. तर्पणाला तांब्या लागतोच, आंघोळ झाली की आधी तो दारात येऊ दे. मामांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांच्या भटजींना, वाध्यारांना, फोन लावला. शास्त्रात तसं चालतं का? वाध्यार म्हणाले, शास्त्रात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मामा म्हणाले, "नाही म्हणजे मनाई नाही," आणि फोन ठेवला. तांब्या नसेल तर बेल वाजणार. ओल्या धोतरातल्या माणसानं ओरडायचं नाही, हा नवा नियम मामांनी स्वतः केला.

तू वेंकटशी बोललीस, न्हाणीघरात धरायचे कठडे कुठे लावायचे ते काढून पाठवलंस, मामांना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला फोनवर झापलंस, हे सगळं मला शरण्यानं सांगितलं. मामा घरी येणार, वृद्धाश्रमात नाही! वेंकट सहा महिने बघतो म्हणाला. दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, सोमवारी आता ते स्वतः येतील. गल्लीतल्या प्रत्येक न्हाणीघरात प्लंबर कठडे ठोकतो आहे, सकाळपासून ठकठक चालू आहे आणि मला ती सनईसारखी वाटते.

दिवाळीला येतेस ना? तू "बघते" लिहिलं आहेस. बघू नकोस, ये.

तुझी,
आई

२१ डिसेंबर २००६

चि. तनया,

काल अमावास्या होती. मार्गळी महिना लागला आहे, सगळ्यांच्या दारांत हातभर मोठी कोलमं, मधे शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल. फक्त मामांचं दार रिकामं, आणि उंबऱ्यावर लखलखीत घासलेला तांब्या, त्यात तुळस. ते वॉकर धरून आत उभे होते, सगळ्यांना दिसावा म्हणून तांब्या दोनदा सरकवला. दुपारी गच्चीत जाता येत नाही म्हणून ओट्यावरूनच "का, का" केलं, आणि गल्लीतले आम्ही सगळे त्यांच्याबरोबर ओरडलो. कावळे बिचारे घाबरून उडून गेले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र तुला रागावण्यासाठी आहे, तेव्हा सरळ बस.

दिवाळीनंतर तुला सेंट्रलला सोडायला आले होते, आठवतं? या वेळी बॅग फक्त तुझी होती. गाडी सुटायला वेळ होता आणि मी विचारलं, "तनया, तुझ्या दाराकडे कोण बघतं?" तू बॅग उगाच बाकाखाली सरकवलीस. मग हसलीस. तू बेचाळीस वर्षांची, सहाव्या मजल्यावर एकटी, आणि माझी काळजी करत होतीस! तिथंच ठरलं. रोज सकाळी सातच्या आत तुझा एक मिस्ड कॉल. मी उचलायचा नाही, पैसे घालवायचे नाहीत. वाजला की तू हजर. वर तुझ्या सोसायटीच्या वॉचमनचा नंबर मी तुझ्याकडून काढून घेतला होता, तू "कशाला?" म्हणत होतीस.

मंगळवारी फोन वाजला नाही. मी रांगोळी अर्धी टाकून आत बघायला आले, बाहेर गेले, पुन्हा आत आले. मामी समोरून म्हणाली, "टीचर, झोपली असेल." मी म्हटलं, आज अमावास्या नाही. मग मी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग मी तुमच्या वॉचमनला, दत्ताजींना, फोन लावला. म्हटलं, "दत्ताजी, वर जा आणि बेल वाजवा, दार उघडेपर्यंत वाजवा, ती ओरडली तर माझं नाव सांगा."

तू ओरडलीसच म्हणे. पण दत्ताजींनी मला सगळं सांगितलं. दार उघडलंस ते भिंतीला धरून. अंगात एकशेतीन ताप, दोन दिवसांपासून. ओट्यावर न धुतलेली भांडी, पोटात नुसता चहा. त्यांच्या बायकोनं तुला पेज करून दिली, देव तिचं भलं करो. आणि तू? रविवारी माझ्याशी बोललीस तेव्हा ताप होता ना? मी विचारलं, "आवाज असा का?" तर म्हणालीस, "पुण्यात थंडी आहे."

तू लपवलंस, तनया. माझ्याकडूनच शिकलीस, दुसरीकडून कुठून येणार ते! पण ज्या अटीवर तू मला न्यायला निघाली होतीस, तीच अट आता तुला लागू आहे. माझ्या बाजूची खोली झाडून ठेवली आहे. शरण्या सोमवारी तुझा रक्तदाब बघणार आहे, कनकाला तुझं मीठ सांगून झालं आहे, अलमेलू मामी तुला कोलम शिकवायला टपून बसली आहे. मामा म्हणतात, डॉक्टरीणबाईंचं पहिलं कोलम माझ्यापेक्षा वाईट आलं तर ते पेढे वाटतील.

रजा टाक आणि पंधरा दिवस तरी ये. मी सेंट्रलला येईन, त्याच बाकावर बसलेली दिसेन. तू डब्यातून उतरेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
आई